मुलांना घेऊन परदेशी जाताना

आमच्या वसईच्या वाड्यांमधून परदेशी जाणं ही काही नवलाई राहिलेली नाही. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव वाढले, आखातात कामं निघाली आणि इथला तरुण कुवेत, मस्कत, दुबई गाठू लागला. पण तेव्हा बहुधा पुरुष एकटा जाई. बायकामुलं वाडीतच राहत आणि घरी पत्रं नि पैसे येत. आता कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणारं जोडपं कायमचं राहायच्या बेतानं जातं आणि कडेवरचं मूलही बरोबर नेतं. नोकरी करणाऱ्याची तयारी एजंट करून घेतो. मुलाची तयारी कोण करतं?

मी वसईत प्राथमिक शाळेत शिकवत होते. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेल्या आया दारात थांबून विचारत, ‘बाई, तिकडे जमेल ना हो हिला?’ निवृत्तीनंतर मुलीकडे टोरांटोजवळ काही महिने राहिले, नातवंडांना शाळेत पोचवलं, आणलं. तेव्हा या प्रश्नाची उत्तरं थोडी कळली. तीच आज सांगते.

आधी कागदपत्रं. मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव आहे का, ते पाहा. पुष्कळदा दाखला बारशाआधी घेतलेला असतो आणि नावाची जागा कोरीच राहते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. आपल्याकडे आडनावांची आणखी एक गंमत आहे. डिमेलो हे नाव इंग्रजीत कुणी मध्ये स्वल्पचिन्ह देऊन लिहितं, कुणी सरळ. बापाच्या पासपोर्टवर एक आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरं असं झालं, की परक्या देशातला कारकून दोन वेगळी माणसं समजतो. हे इथेच दुरुस्त करून घ्यावं. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, हेही ध्यानात ठेवावं.

दाखले परदेशात चालावेत म्हणून त्यांवर ‘अपोस्टिल’ नावाचा शिक्का घेतात. भारत २००५ साली या करारात आला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ओमान त्यात आहेत, कॅनडाही जानेवारी २०२४ पासून आला. जे देश या करारात नाहीत, त्यांच्या वकिलातीकडूनच साक्षांकन करून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट लसीची. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आहे, पण गालगुंड आणि कांजिण्यांची नाही. टोरांटो ज्या ओंटारिओ प्रांतात आहे, तिथे शाळेसाठी या लसींची नोंद मागतात. तेव्हा लसीचं कार्ड पेटीच्या तळाशी न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा आणि निघण्यापूर्वी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. शिवाय आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते. त्यामुळे तिकडे क्षयाची त्वचेवरची चाचणी केली, तर आजार नसतानाही ती कधी कधी होकारार्थी येते. अशा वेळी घाबरून न जाता बीसीजी दिल्याचं तिथल्या डॉक्टरांना सांगावं.

शाळेचं वर्षही सगळीकडे सारखं नसतं. आपलं जूनला सुरू होतं, कॅनडात सप्टेंबरला, ऑस्ट्रेलियात जानेवारीअखेरीस. ओंटारिओत मूल ज्या कॅलेंडर वर्षात सहा वर्षांचं होतं, त्या सप्टेंबरात ते पहिलीत बसतं. इथे दुसरीत असलेलं मूल तिथे कुठल्या वर्गात जाईल हे वयावर ठरतं, गुणपत्रिकेवर नाही. ‘आमच्या मुलाला खाली बसवलं’ असं मनाला लावून घेऊ नये.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट, भाषेची. माझी नात पाच वर्षांची. घरात अखंड बडबड, पण शाळेत गेल्यावर जवळजवळ तीन महिने तोंडातून शब्द नाही. जावई इतके हवालदिल झाले, की तिला वसईला परत पाठवावं का, इथवर बोलणं आलं. तिच्या बाईंनी समजावलं, की नव्या भाषेत शिरणारी बरीच मुलं आधी काही काळ नुसती ऐकतात, साठवतात, आणि मग बोलतात. तसंच झालं. मात्र मूल घरीही गप्प झालं, हाकेला वळेनासं झालं, तर ते निराळं. तेव्हा डॉक्टरांनाच दाखवायला हवं.

टोरांटोतले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय, की खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे मूल फाडफाड इंग्रजी बोलायला लागलं आणि तरी गणितातला शब्दरूप प्रश्न अडला, तर ते मठ्ठ नव्हे. त्याला वेळ हवा.

तेवढ्यात कुणीतरी हितचिंतक सल्ला देतोच, ‘घरातही इंग्रजीच बोला, म्हणजे लवकर येईल.’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. कमिन्स यांचंच सांगणं आहे, की मातृभाषेत पक्क्या झालेल्या कल्पना दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतात. बेरीज एकदा कळली, की ती इंग्रजीत पुन्हा समजावी लागत नाही, फक्त शब्द नवे लागतात. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हाही गोंधळ नव्हे. दुभाषी मुलं तसं करतातच.

आणि आपलं तर आणखी वेगळं आहे. मराठीची पुस्तकं मिळतील, मराठी मंडळं शाळाही चालवतात. पण आपली सामवेदी किंवा वाडवळी बोली तिकडे कोण शिकवणार? ती घरात बोलली तर टिकेल, नाही तर तिथेच संपेल. संपली, की वाडीतली आजी आणि तिकडचं नातवंड फोनवर एकमेकांकडे पाहून नुसतं हसतील. यापेक्षा मोठं नुकसान कुठल्या नोकरीनं भरून निघतं?

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून थांबते. न्यूझीलंडमध्ये २००७ पासून मुलाला वळण लावायला म्हणून फटका देणंही पालकांना कायद्यानं मना आहे. आणि सुकेळी जरूर न्या, पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या विमानतळावर खाण्याचे पदार्थ लिहून जाहीर करावेच लागतात, नाही तर दंड होतो. ठेवून घेतली तर घेतली. रोज रात्री झोपताना आपल्या बोलीतली एक गोष्ट मात्र मुलाला सांगा. ती कुठल्याही विमानतळावर कुणी काढून घेत नाही.