गच्चीवर सहा, जमिनीत तीन

लातुरात औसा रोडच्या एका वसाहतीत भर उन्हात दोन पोरं अंगण खोदत होती. काम सोलरचं. पॅनेल गच्चीवर बसणार, मग खड्डे खाली कशाला? येणारा-जाणारा थांबून हेच विचारत होता. गच्चीवर सहा पॅनेल आणि जमिनीत तीन अर्थिंग, असा तीन किलोवॉटचा हिशेब असतो: एक पॅनेलच्या बाजूचं, एक घरातल्या विजेच्या बाजूचं, तिसरं वीजरोधकाचं. या मुलखात वळवाच्या दिवसांत वीज पडून माणसं, जनावरं दगावतात. तिसऱ्या खड्ड्यात काटकसर करणं म्हणजे घराशी खेळ.

खोदणाऱ्यांपैकी एक अहमदपूर तालुक्यातला, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला. लातूर आणि नांदेड, दोन्हीकडची कामं तोच बघतो. काळ्या मातीवर त्याचा राग आहे. पावसाळ्यात ती ओल धरते आणि अर्थिंग छान लागतं. उन्हाळ्यात भेगाळली की रॉडभोवतीची माती सुटते. खाली मुरूम, त्याखाली पाषाण. रॉड ठोकला, केमिकलची पिशवी ओतली, वरून दोन घागरी पाणी घातलं, तेव्हा तापलेल्या मातीचा पहिल्या पावसासारखा वास सुटला. मग मीटर लावला. काटा सातावर. "पाचच्या आत पाहिजे," तो म्हणाला. पाच म्हणजे पाच ओहम. काम इथंच आटोपलं असतं तर घरमालकाला काही कळलंही नसतं. पण दुसऱ्या कोपऱ्यात, नळाखालच्या ओलाव्याजवळ, नवा खड्डा सुरू झाला. तिथं काटा पाचच्या आत आला, तेव्हा कुठं त्यानं जेवणाचा डबा उघडला.

गच्चीवरचं काम त्यामानानं सरळ. पॅनेलची तोंडं दक्षिणेला, कल साधारण अठरा अंशांचा, खाली गॅल्व्हनाइज्ड पाइपांचा सांगाडा. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हा समज मात्र खरा नाही. पॅनेल तापलं की त्याचं उत्पादन घटतं. तरी तीन किलोवॉटला दिवसाला सरासरी बारा युनिट धरायला हरकत नाही.

पैशांचं गणित घरोघरी पाठ झालंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, असं ७८,००० रुपये अनुदान मिळतं. ते बँकेत जमा होतं, पण सगळं बसवून, महावितरणचं नेट मीटर लागल्यानंतर. तोवर पदरचे पैसे नाहीतर कर्ज. नावात 'मुफ्त' असलेल्या योजनेची पहिली पायरी रोकड असते, आणि दुसरी स्वतःच्या मालकीचा स्लॅब. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला या ७८,००० चा उपयोग नाही, हे सांगायला हवं. आणि बिल शून्य झालं तरी स्थिर आकार भरावा लागतोच.

"लाईट गेल्यावर हे चालतंय का?" शेजारच्या मावशींनी गच्चीवर येऊन विचारलं.

"नाही मावशी. लाईट गेली की हेबी बंद."

मावशींचा चेहरा पडला. मराठवाड्यात वीज जाणं नवं नाही, आणि नेमक्या त्याच वेळी सोलर बंद, हे कुणालाही पटत नाही. पण तार बंद समजून वायरमन खांबावर चढलेला असताना घराघरांतून वीज उलटी वाहिली तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरी लावली तर दिवे चालतील, खर्चही वाढेल. हे सगळं त्यानं मावशींना नीट, घाई न करता सांगितलं. विकताना हे आधीच सांगणारे फार थोडे.

नांदेडला तरोडा भागातल्या घराची तक्रार वेगळी होती. वर्षभर नीट चाललेल्या संचाचे युनिट एकाएकी घटले. आधी धूळ धुतली, तीही पहाटे; तापल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही, हा त्याचा दंडक. फरक पडला नाही. चार वाजता गच्चीवर उभं राहिल्यावर उलगडा झाला. शेजाऱ्यानं नवी टाकी बसवली होती आणि तिची सावली कोपऱ्यातल्या एका पॅनेलवर येत होती. पॅनेल एका माळेत जोडलेली, त्यामुळं एकावरची सावली सगळ्या माळेला भोवू शकते. मोबाइलवरच्या आलेखात घट दिसत होती. टाकी दिसायला माणूसच वर यावा लागला. दुसऱ्या शहरातून फोनवर सल्ला देणाऱ्या कंपनीला हे जमलं नसतं.

कोपऱ्यातलं पॅनेल काढून पाण्याच्या पाइपांपलीकडे हलवायचं ठरलं. पाच वर्षांची देखभाल करारात असते, पण शेजाऱ्याची टाकी त्यात बसत नाही. घरमालकानं खर्च विचारला.

"पाइप-क्लॅम्पचे तेवढे द्या काका, मजुरी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि पान्हा काढायला खाली गेला.