हजारातले साडेतीन रुपये

छातीत कळ आलेला रुग्ण अलिबागच्या किंवा महाडच्या दवाखान्यात पोचला की ईसीजीपाठोपाठ रक्त तपासायला जातं. रिपोर्टात एक ओळ असते: पोटॅशियम ४.०. दिसायला किती किरकोळ आकडा! चला, हा चार जरा उलगडून बघू.

चार म्हणजे लिटरमागे चार मिलिमोल. रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, एकच थेंब घ्या आणि त्यातले पोटॅशियमचे कण सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसा. जेवण नाही, झोप नाही. किती वर्षं लागतील? सुमारे ३८० कोटी! रायगड किल्ल्याचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्या दिवशी मोजायला बसलेल्याचे आज शंभरातले दोन कणही पुरते मोजून झाले नसते.

आता उलटं बघा. शरीरातलं सगळं पोटॅशियम हजार रुपये धरलं, तर रक्ताच्या पाण्यात फिरतात जेमतेम साडेतीन रुपये. बाकी जवळजवळ सगळे पेशींच्या आत कुलूपबंद. हार्ट अटॅक आला की अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं आणि या साडेतीन रुपयांतलेही काही पेशींत ढकलतं. नव्वद पैसे कमी झाले की आकडा तीनवर, आणि हृदय ठोके सोडून नुसतं थरथरण्याचा धोका वाढतो! अ‍ॅड्रेनॅलिनचं असंच वादळ कोकणातल्या लाल विंचवाचा दंश उठवतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध देऊन ते शमवलं आणि त्या रुग्णांची हकिगत १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. किती जीव वाचले त्यानं!

पोटॅशियम वाढलं तरी घात. समुद्राच्या पाण्यात ते लिटरमागे साधारण दहा मिलिमोल असतं; रक्तात दहा झालं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून सलाईनमधून देतानाही तासाला साधारण दहा मिलिमोल, तेही नजर ठेवून.

मग नेमकं किती हवं? २०१२ साली अमेरिकेत हार्ट अटॅकच्या ३८,६८९ रुग्णांचे आकडे तपासले गेले. म्हणजे मुंबईच्या गच्च भरलेल्या आठ लोकल! सर्वांत कमी मृत्यू दिसले साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान. फरक अवघा एका मिलिमोलचा. अंगातल्या तीन लिटर प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पाण्यात, या एकाचं वजन किती? सुमारे १२० मिलिग्रॅम. तांदळाचे पाच दाणे! दिवसाला लाख ठोके, सात हजार लिटर रक्ताची उपसाउपशी, आणि त्या सगळ्याला मोकळीक एवढीच, पाच दाण्यांची!