रानाला हवा विसावा

१९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा प्रारंभ केला. तेव्हापासून पावसाळा आला की रोपे लावण्याची प्रथा आपल्या देशात रूढ झाली. ही प्रथा स्तुत्य खरीच. परंतु रोप लावणे निराळे आणि रान परत आणणे निराळे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचे आदिवासींचे लहानसे गाव आहे. वृक्षतोडीमुळे तेथील डोंगर उजाड झाले होते. पाणी आटले, जळण दुर्मिळ झाले, आणि त्याची सर्वाधिक झळ अर्थातच घरातील स्त्रियांना पोहोचली. वाणिज्य शाखेचे उच्च शिक्षण घेतलेले याच गावचे श्री. चैत्राम पवार यांनी शहरातील नोकरीचा मार्ग सोडला आणि १९९० नंतरच्या दशकात ग्रामस्थांना एकत्र केले. गावाने स्वतःच नियम घालून घेतले: रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही, गुरे मोकाट सोडावयाची नाहीत, नियम मोडील त्याने दंड भरावा.

एवढ्याने रान कसे वाढले, असे कोणी विचारील. झाड तोडले तरी पुष्कळदा त्याचे मूळ जिवंत राहते. त्याला दरवर्षी धुमारे फुटतात. पण शेळ्या ते खुडतात, विळा ते कापतो आणि वणवा उरलेसुरले जाळतो. काही वर्षे विसावा मिळाला की तेच धुमारे वृक्ष होतात. शिवाय जुने मूळ खोल गेलेले असल्याने त्याला उन्हाळा सोसतो. बारीपाड्याने या राखणीला श्रमदानाची जोड दिली. उतारांवर दगडी बांध घातले, चर खणले. माती थांबली, पाणी मुरले. आज सुमारे ४०० हेक्टर रान गावाच्या राखणीत आहे. श्री. पवार यांना २०२५ साली 'पद्मश्री' जाहीर झाली.

या गावात रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धाही भरते. ती केवळ हौस नव्हे. कोणता कंद कडू, तो किती वेळा उकळावा, कोणता कोवळा पाला भाजीस योग्य, हे ज्ञान ग्रंथांपेक्षा आजीबाईंच्या हाती अधिक असते. वनस्पती नाहीशी झाली की हे ज्ञानही लोपते. आणि जी वनस्पती स्वयंपाकघराला हवी असते, तिची राखण घरोघर होते.

आपण भिलाईतील रुआबांध्यासारख्या वसाहतीत राहत असाल किंवा एखाद्या टेकडीच्या पायथ्याशी. जवळच्या झाडीत या पावसाळ्यात एकदा अवश्य जावे. नवा खड्डा खणण्यापूर्वी जुन्या खुंटांना फुटलेले कोंब शोधावेत. त्यांची नावे वडीलधाऱ्यांना विचारावीत, शेजाऱ्यांच्या साहाय्याने भोवती काट्यांचे कुंपण करावे आणि पालापाचोळा जाळू देऊ नये. रोप लावण्यास एक सकाळ पुरते. रान राखण्यास मात्र सारी वस्ती लागते.