बटाट्यासारखा, पण बटाटा नव्हे!

'जेरुसलेम आर्टिचोक' हे नाव फसवे आहे. हा कंद जेरुसलेमचा नाही आणि आर्टिचोकही नाही. तो उत्तर अमेरिकेतल्या, सूर्यफुलाच्या जवळच्या नात्यातल्या एका वनस्पतीचा. सूर्यफुलाला इटालियन भाषेत 'जिरासोले' म्हणतात. त्याचाच अपभ्रंश 'जेरुसलेम' झाला असावा.

लागवड सोपी. तिकडे थंडी ओसरली की कंदाचा तुकडा दहाएक सेंटिमीटर खोल पुरतात. झाड माणसापेक्षा उंच वाढते. खणताना चुकून राहिलेला तुकडा पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो, म्हणून बागेचा कोपरा विचार करूनच निवडावा!

खरी गंमत पुढेच आहे. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो, कारण आत स्टार्च असतो. या कंदात साठा असतो तो इन्युलिनचा, म्हणजे फ्रुक्टोज साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांचा. त्या तोडणारे विकर आपल्या शरीरात नाही. मग इन्युलिन न पचताच मोठ्या आतड्यात जाते, तेथले जीवाणू ते आंबवतात आणि पोटात गुबारा धरतो. जॉन गुडयर या इंग्रज वनस्पतिज्ञाने १६२१ सालीच ही तक्रार लिहून ठेवली होती! यावर उपाय म्हणजे पाण्यात लिंबू पिळून कंद उकळणे. आम्लामुळे काही साखळ्या तुटतात. थंडीत साठवलेल्या कंदातही त्या तुटतात, म्हणून तो गोड लागतो.

हा कंद मिळाला नाही तर कांदा घ्या. त्यातही फ्रुक्टोजच्याच साखळ्या असतात. कांद्याच्या आणि बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकून पाहा. त्या फोडी मात्र खाऊ नका!