सुरीचे पाणी उतरू देऊ नका

आजोबांची शिकारी सुरी आमच्या घरी वर्षानुवर्षे वाशाला खोचलेली होती. शिकार आता कायद्याने बंद. पण पाते अस्सल पोलादाचे. मोडलेले टोक नीट करून ती केळीची पिले कापायला वापरावी, असे आम्ही ठरवले. विजेच्या ग्राइंडरवर दाबून धरली आणि पाहता पाहता टोक निळे पडले. पुढे दोन पिले कापली नाहीत तोच तिथली धार मुडपली.

चूक आमचीच. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापले की निळा रंग चढतो आणि लोहाराने दिलेले पाणी उतरते. कानस फिरवून पाहा: कडक पात्यावर ती घसरते, मऊ पात्याला चावते. निळा भाग आम्हांला घासूनच काढावा लागला.

म्हणून घाई करू नये. आधी नवा आकार पात्यावर आखावा. जवळ पाण्याची बादली ठेवावी. हलके घासावे आणि बोटाला ऊब लागताच पाते पाण्यात बुडवावे. धार पातळ होऊ लागली की ग्राइंडर बंद करून ओल्या सहाणेवर, दोन्ही बाजूंना सुमारे २० अंशांचा उतार ठेवून काम पुरे करावे.

डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. कण डोळ्यात गेल्यास चोळू नये, डॉक्टरांकडे जावे. हात कापल्यास साबण-पाण्याने धुवावा. चुना, माती लावू नये. धनुर्वाताच्या लसीविषयी त्याच दिवशी दवाखान्यात विचारावे.

आमची सुरी आता पिले झटकन कापते. बोटभर पोलाद मात्र गेले ते गेलेच.