इमॅजिकाची सहल काढताय? आधी गाडीचा हिशेब मांडा

माळशिरसहून खोपोलीच्या इमॅजिकाला कौटुंबिक सहली न्यायच्या, हा सुट्टीतला चांगला धंदा आहे. पण पहिल्याच फेरीत तोटा कसा होतो, बघा.

समजा, गाडीचं भाडं 20,000 रुपये. 16 जण येतील असं धरून तुम्ही भाड्यापोटी माणशी 1,250 घेतले. ऐनवेळी आले 10 जण. भाडं तेवढंच, तुमच्या खिशातून गेले 7,500! म्हणून किमान प्रवासी ठरवा आणि तेवढ्यांचा ॲडव्हान्स आल्याशिवाय गाडी पक्की करू नका. पार्कचं तिकीट, जेवण वेगळं मांडा.

बुकिंग घेताना मुलांच्या वयासोबत उंचीही विचारा. बऱ्याच राइड्सना उंचीची अट असते. राइडपाशी पोर रडलं की आई-बाप पुन्हा तुमच्याकडे येत नाहीत.

आषाढी वारीत आपल्या फलटण-नातेपुते रस्त्यावर माउलींची पालखी असते. तारखा बघूनच सहल ठेवा.

आणि सुरुवात छोटी करा. आधी ओळखीची तीन-चार कुटुंबं घेऊन तालुक्यातल्याच अकलूजच्या सयाजीराजे पार्कला एक फेरी मारा. वेळ, जेवण, हिशेब सगळं तिथं कळेल. चुकलात तरी थोडक्यात निभावेल.

वही काढा, गाडीवाल्याला फोन लावा, पहिला आकडा आजच लिहा!