त्याच उंबरठ्यावर पुन्हा

खात्यावरील शिल्लक केवळ त्या दिवसाची स्थिती दर्शविते. रक्कम कधी आली आणि कशापायी गेली, हे जाणून घ्यायचे तर पासबुक उघडावे लागते. सर्वेक्षणांचेही काहीसे असेच आहे. बहुतेक सर्वेक्षणांत दर वेळी नवी कुटुंबे निवडली जातात. त्यामुळे गरिबी किती घटली ते कळते. परंतु वर कोण आले आणि खाली कोण घसरले, ते कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे त्याच घरांची दारे ठोठवावी लागतात. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण येथे ‘इक्रिसॅट’च्या अभ्यासकांनी १९७५ पासून हेच केले.

देशव्यापी प्रमाणावर हे कष्टाचे काम नवी दिल्लीच्या इंद्रप्रस्थ इस्टेटमधील ‘एनसीएईआर’ या १९५६ साली स्थापन झालेल्या संस्थेने हाती घेतले. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या सहकार्याने २००४-०५ मध्ये तिने ४१,५५४ कुटुंबांची माहिती नोंदविली. २०११-१२ मध्ये त्यांपैकी सुमारे ८३ टक्के कुटुंबे पुन्हा भेटली. सात वर्षांत घरे बदलतात, भाऊ विभक्त होतात, कोणी पोटापाण्यासाठी परगावी जातो. हे ध्यानी घेता हा शोध थोडाथोडका नव्हे.

तिसरी फेरी २०२२-२४ मध्ये झाली. तिच्या आधारे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार गरिबीचे प्रमाण २१.२ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. आकडा सुखावह खरा, परंतु त्याच्या पोटातील आकडा अधिक बोलका आहे. या ८.५ पैकी ३.२ टक्के लोक पूर्वीपासूनच गरीब होते, उर्वरित ५.३ टक्के आयुष्यातील आघातांमुळे नव्याने दारिद्र्यात लोटले गेले. घरातील एखादे मोठे आजारपण पुंजी कशी गिळते, हे मुदत ठेवी मुदतीपूर्वी मोडून देणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना निराळे सांगावयास नको. गरिबांची यादी एकदाच करून वर्षानुवर्षे तीच वापरणाऱ्या योजनांच्या नजरेतून नेमकी हीच माणसे निसटतात.

राजधानी परिसरातील कुटुंबांसाठी याच संस्थेने २०१९ मध्ये स्वतंत्र पाहणी आरंभिली. पुढच्याच वर्षी, मार्चअखेर टाळेबंदी आली आणि घरोघरी जाणे अशक्य झाले. तथापि आदल्या वर्षी भेटलेल्यांचे दूरध्वनी क्रमांक हाताशी होते. एप्रिल २०२० च्या पहिल्याच आठवड्यात दीड हजारांहून अधिक दिल्लीकरांना व आसपासच्या रहिवाशांना दूरध्वनी गेले: काम सुरू आहे काय, घरात धान्य आहे काय? विचारणारे अगदीच परके नव्हते.